पावसाच्या खुणांची पोच

वैशाख लागला की महाराष्ट्रात पावसाची बातमी अनेक तोंडांनी येऊ लागते. हवामान खाते सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल ते सांगते. पंचांगात नक्षत्रांची वाहने छापलेली असतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, कोणी कावळ्याने घरटे किती उंचावर बांधले ते पाहून येतो, आणि पावशा तर ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ करून रान उठवतच असतो. यावर दोन ठरीव मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे सगळे थोतांड आहे. दुसरा म्हणतो, पूर्वजांचे ज्ञान आहे, त्यात तथ्य असणारच. दोन्ही पक्ष एकच चूक करतात, ती म्हणजे साऱ्या खुणा एकाच गाठोड्यात बांधण्याची. मिठाचे पाझरणे आणि कावळ्याचे घरटे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक आत्ताच्या हवेविषयी बोलते, दुसऱ्याकडून आपण चार महिन्यांचा हिशेब मागतो. माझे म्हणणे असे की प्रत्येक खुणेला तिची पोच असते, आणि ती पोच खूण व पाऊस यांना जोडणाऱ्या कारणावरून ठरते. ते कारण काही तासांपुरते असेल तर खूण काही तासांचेच सांगू शकते. तेवढ्यात तिच्यावर विसंबायला हरकत नाही. त्यापुढचे तिला विचारले तर उत्तर मिळते, पण ते आपलेच असते.

सर्वांत जवळचे सांगणाऱ्या खुणांपासून सुरुवात करू. बरणीतले मीठ पाझरू लागले, पापड सादळले, बाजेची सुंभाची वीण ताठ झाली, की घरातले जाणते माणूस ‘आज येणार’ म्हणते. यामागचे कारण सरळ आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. मिठागरातल्या खड्यामिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, आणि तो याहून बऱ्याच कोरड्या हवेतही पाणी धरतो. म्हणून पाकिटातल्या बारीक मिठाच्या आधी जाडे मीठ ओलावते. सुंभाचे तंतू ओल पिऊन फुगतात, त्यांचा पीळ घट्ट होतो आणि दोरी आखडते. म्हणजे स्वयंपाकघर आणि ओसरी यांत दोन आर्द्रतामापक फुकट बसवलेले असतात. स्वित्झर्लंडच्या होरास बेनेडिक्ट द सोस्यूर याने १७८३ साली आर्द्रतामापनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला मापक माणसाच्या केसावर चालत होता, कारण ओल लागली की केस लांबतो. पुढे दीर्घकाळ हवामान केंद्रांवर केसाची उपकरणे वापरात होती. सुंभ आणि केस यांचे तत्त्व एकच. फरक इतकाच की केसापुढे मोजपट्टी लावली गेली. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेतही मिठात होणारा बदल, उपद्रव नसताना मुंग्यांनी अंडी हलवणे, सापांनी झाडावर चढणे या गोष्टी ‘सद्योवर्षण’ या प्रकरणात, म्हणजे लगेच पडणाऱ्या पावसाच्या लक्षणांत घातल्या आहेत. हंगामाच्या पावसाचा विचार तो वेगळ्या प्रकरणांत करतो. पोच वेगळी म्हणून प्रकरण वेगळे, हा विवेक त्या जुन्या ग्रंथात आहे.

आता आकाशाकडे पाहू. चंद्राला खळे पडले की पाऊस येतो, आणि खळे लांब असेल तर पाऊस जवळ, खळे जवळ असेल तर पाऊस लांब, असे खेड्यापाड्यांत सांगतात. ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटतो, पण ही खूण बारकाईने पाहण्याजोगी आहे. हात पुरता लांब करून अंगठा चंद्रावर धरावा आणि वीत पसरावी. मोठे खळे साधारण करंगळीच्या टोकाशी येते. हे अंतर सुमारे २२ अंशांचे असते आणि ते कधीच कमीजास्त होत नाही, कारण ते बर्फाच्या षट्‌कोनी स्फटिकांतून प्रकाश किती वळतो यावर ठरते. असे स्फटिक फार उंचावरच्या, दुधाळ पडद्यासारख्या ढगांत असतात. चंद्राला चिकटून दिसणारे लहानसे रंगीत कडे ही मात्र निराळीच गोष्ट आहे. ते पातळ ढगातल्या पाण्याच्या बारीक थेंबांमुळे पडते. तेव्हा ‘लांबचे’ आणि ‘जवळचे’ खळे म्हणजे एकच कडे आकसते किंवा पसरते असे नसून दोन वेगळ्या ढगांच्या त्या दोन खुणा आहेत. उंच बर्फाळ पडदा हा पुष्कळदा मोठ्या गडगडाटी ढगांच्या माथ्यावरून किंवा कमी दाबाच्या क्षेत्रापुढे पसरलेला असतो; ज्या पातळ ढगातून चंद्र स्वच्छ दिसतो त्यातून सहसा पाऊस पडत नाही. म्हणजे म्हणीतला भेद पोकळ नाही. पण तिची पोच फार तर एकदोन दिवसांची, आणि तीही खात्रीची नाही, कारण तसाच पडदा विरून गेलेल्या वादळाचा उरलासुरला भागही असू शकतो. युरोपात उबदार हवेची आघाडी येण्याआधी असे ढग ठरल्या क्रमाने येतात, म्हणून तिथे ही खूण अधिक वजनदार. आपल्याकडचा पाऊस तसा क्रम क्वचितच पाळतो. एकच खूण दोन प्रदेशांत सारख्या मोलाची नसते, हेही इथे ध्यानात घ्यावे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. माणसाला कळत नाही ते मुक्या जिवांना कळते, मग त्यांना पुढचा पाऊस का कळू नये? पहिला अर्धा भाग मान्य करायला अडचण नाही. मुंगीला वारुळातली ओल आणि ऊब यांतला फरक आपल्यापेक्षा कितीतरी आधी जाणवतो, आणि त्यानुसार ती अंडी वरखाली हलवते. पण हे ती पाऊस नसतानाही करते. तिला पाऊस टाळायचा नसतो, अंड्यांना मानवणारी जागा शोधायची असते. पंख फुटलेल्या वाळव्या दिव्याभोवती जमतात त्या बहुधा पाऊस पडून माती मऊ झाल्यावर. ती पडलेल्या पावसाची पावती असते, येणाऱ्याची ग्वाही तितकीशी नसते. संवेदना कितीही तीक्ष्ण असली तरी जे हवेत, मातीत किंवा पाण्यात आत्ता आहे तेच तिला टिपता येते. सप्टेंबरातला पाऊस मे महिन्यात कुठेच नसतो, त्यामुळे मुंगीच काय, कोणत्याही जिवाला तो थेट जाणवण्याचा प्रश्नच येत नाही.

काही आठवड्यांची पोच असणाऱ्या खुणांत चातक आणि पावशा शेजारी बसतात, पण त्यांची बातमी सारखी नाही. चातक मध्य आणि उत्तर भारतात पावसाळ्याच्या तोंडावर येतो. त्यातले बरेच पक्षी आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतात असे मानले जाते, आणि त्यांना सोमालियाच्या किनाऱ्यालगत जोर धरणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यांची साथ मिळते. तेच वारे पुढे आपल्याला पाऊस देतात. खूण आणि पाऊस यांना असे समाईक कारण असले की खुणेला खरा आधार मिळतो. हवामान खातेही केरळात मान्सून आल्याचे जाहीर करताना नुसता पाऊस पाहत नाही. वाऱ्याचा वेग आणि तो किती उंचीपर्यंत वाहतो हेही तपासते. पावशा मात्र कुठून येत नाही. तो इथलाच. उन्हाळ्यात त्याचा विणीचा काळ सुरू होतो, सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालायची असतात, आणि नर जोडीसाठी दिवसरात्र ओरडतो. पाऊस वेळेवर येणाऱ्या वर्षी तो ओरडतो तसाच उशिराच्या वर्षीही ओरडतो. तो ऋतू सांगतो, वर्ष सांगत नाही. मशागत उरकून बी-बियाणे तयार ठेवा, एवढे त्याच्याकडून घ्यावे. चाड्यावर मूठ धरायची वेळ मात्र त्याच्यावर सोपवू नये.

बहाव्याची गोष्टही अशीच आहे. बहावा फुलला की ४५ दिवसांत पाऊस, असे म्हणतात. एप्रिलच्या उत्तरार्धात बहावा बहरात येतो आणि त्यात ४५ दिवस मिळवले की जूनचा पहिला पंधरवडा येतो. मुंबईत मान्सून पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, तेव्हा खूण बरोबर आलेली दिसते. पण एवढे यश भिंतीवरचे कॅलेंडरही मिळवून दाखवील. दरवर्षी साधारण त्याच सुमारास घडणारी कोणतीही गोष्ट दरवर्षी साधारण त्याच सुमारास येणाऱ्या पावसाची खूण ठरू शकते. खुणेची कसोटी पाऊस सरासरी सोडून वागतो त्या वर्षी लागते. मुंबईत मान्सून २०२३ साली २५ जूनला पोचला आणि २०२५ साली २६ मे रोजी, म्हणजे दोहोंत ३० दिवसांचे अंतर पडले. बहावा खरोखर पाऊस ओळखत असेल तर त्याचा बहरही या दोन वर्षांत महिनाभर मागेपुढे सरकायला हवा. प्रत्येक गावात झाड आहे, फुले लांबून दिसतात, तारीख टिपायला काही लागत नाही. म्हणजे या खुणेची परीक्षा घेणे मुळीच अवघड नाही. ती न घेताच तिच्यावर विश्वास ठेवणे किंवा तिला हसणे, दोन्ही सारखेच आळशीपणाचे.

नक्षत्रांकडे वळताना दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. मृगात पेरणी, हस्ताचा गडगडाट, स्वातीचा पाऊस पडला तर माणिकमोती पिकतात, ही सारी शेतीच्या दिनदर्शिकेची भाषा आहे. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो आणि त्या मापाने पावसाळ्याचे तुकडे पाडले तर बोलणे सोयीचे होते. स्वातीच्या म्हणीत तर पाऊस पडेल असे भाकीतच नाही. ऑक्टोबरअखेरीस पडलेल्या पावसाची ओल सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या रब्बी ज्वारीला लाभते, हा अनुभव तिच्यात आहे, आणि तो पक्का आहे. पण नक्षत्र हे पावसाचे कारण नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या सावकाश फिरण्यामुळे सूर्य एखाद्या नक्षत्रात शिरण्याची तारीख सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आज ७-८ जूनला लागणारे मृग वराहमिहिराच्या काळी ऋतूंच्या हिशेबाने जवळजवळ तीन आठवडे आधी, मेच्या मध्यावरच लागत असे. पाऊस सूर्याच्या तापण्याशी बांधलेला आहे. तारकांचे घर बदलले म्हणून तो बदलत नाही.

वाहनांचा प्रकार याहून निराळा. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, ९ ने भागायचे आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांतले वाहन ठरवायचे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस भरपूर, असे मानायचे. यात आकाश, वारा, माती यांतले काहीच पाहिलेले नसते. वर्षभर आधी छापता येते ते त्यामुळेच. शिवाय वाहन साऱ्या मुलखाला एकच. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला म्हसवडकडे कसाबसा पाचशेच्या आसपास. दोन्हीकडे हत्तीच येणार असेल तर म्हसवडच्या शेतकऱ्याने त्यातून काय बोध घ्यायचा? लोकखुणा म्हणून जे काही खपते त्यातला हा भाग निरीक्षणाचा नसून निव्वळ बेरीज-भागाकाराचा आहे, आणि त्याला अनुभवाच्या पुण्याईवर जगू देऊ नये.

पूर्ण हंगामाची खबर देऊ पाहणाऱ्या खुणा इथे येतात. कावळ्याचे घरटे झाडाच्या मध्यावर असेल तर पाऊस चांगला, अगदी शेंड्याला असेल तर ओढ, असे समजतात. भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात १८ धान्यांचे वर्तुळ मांडतात, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून त्यावर पाण्याची घागर आणि पापड-कुरडईसारखे पदार्थ ठेवतात. रात्रभर तिकडे कोणी जात नाही आणि पहाटे काय हलले, काय भिजले यावरून पावसाचे, पिकांचे आणि देशाच्या राजकारणाचेही भाकीत सांगतात. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची सांगतात आणि तिला गर्दी होते ती सामाजिक उत्सव म्हणून समजण्यासारखी आहे. पण कारणाची साखळी शोधू लागलो तर हाताला काही लागत नाही. ढेकूळ भिजते ते घागर पाझरल्याने. धान्य हलते ते वाऱ्याने, मुंगीने किंवा उंदराने. घरट्याची जागा उपलब्ध झाडे, मे महिन्यातला वारा आणि आसपासचा उपद्रव यांवर ठरते. फार तर त्या आठवड्यातल्या वाऱ्याचा अंदाज त्यातून बांधता येईल. हवेची स्वतःची स्मृती जेमतेम दोन आठवड्यांची असते, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांच्या कामापासून मान्य झाले आहे. मग हंगामाचा अंदाज मुळात शक्य कसा होतो? ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल यांनी १९८१ साली त्याचे उत्तर मांडले: समुद्राचे तापमान, जमिनीवरचे बर्फ, मातीतली ओल या गोष्टी सावकाश बदलतात आणि हवेला महिनोन्‌महिने एका बाजूला झुकवत राहतात. चार महिन्यांची पोच हवी असेल तर प्रशांत महासागराकडे पाहावे लागते, आणि तरीही खात्री नसते. १९९७ साली एल निनो, म्हणजे त्या महासागराचे पाणी तापणे, अतिशय प्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला.

‘पण जुन्या माणसांचे अंदाज खरे ठरत होते’ हा यावरचा सर्वांत मनापासूनचा आक्षेप. त्याचे उत्तर मोजणीत आहे. कोकणातले एक गाव घेऊ आणि समजा जुलैच्या ३१ दिवसांपैकी २५ दिवस तिथे पाऊस पडला. मुंग्यांनी अंडी हलवलेली १० दिवस दिसली आणि त्यांतल्या ८ दिवशी पाऊस आला. दहात आठ, म्हणजे खूण नामी. पण उरलेल्या २१ दिवसांत, मुंग्या स्वस्थ असताना, १७ दिवस पाऊस आलाच. तेही प्रमाण दहात आठच. म्हणजे मुंग्यांनी नवे काही सांगितले नाही. पाऊस एरवीही तेवढाच पडत होता. आता माणदेशातले गाव घेऊ. समजा महिन्यात पाऊस ५ दिवस, खूण ६ दिवस दिसली आणि त्यांतले ३ दिवस खरे ठरले. निम्म्या वेळा फसलेली खूण कोणाला आवडणार? पण खूण नसलेल्या २५ दिवसांत पाऊस फक्त २ दिवस पडला असेल, तर ही निम्मी फसणारी खूण कोकणातल्या दहात आठ खऱ्या खुणेपेक्षा कितीतरी मोलाची. स्मरणशक्ती ही तुलना करत नाही. ती खूण दिसली आणि पाऊस आला तेवढे दिवस जपून ठेवते. खूण दिसून कोरडा गेलेला आणि खुणेशिवाय भिजवून गेलेला दिवस ती विसरते. त्यासाठी लबाडी लागत नाही, आणि आजोबांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचेही कारण नाही. वही मात्र लागते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: हवामान खाते तरी कुठे बरोबर असते? २००२ साली खात्याने सरासरीइतक्या पावसाचा अंदाज दिला आणि पाऊस १९ टक्के कमी पडला. एकट्या जुलैत निम्म्याच्या आसपास तूट होती. २००९ साली तूट २२ टक्क्यांची झाली, आणि तीही अंदाजात नव्हती. हे झाकण्याचे कारण नाही. उलट या खात्याचा इतिहासच खुणांचा आहे. १८७५ साली खाते स्थापन झाल्यावर त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८०च्या दशकात हिमालयावरच्या बर्फावरून पावसाचे अंदाज बांधायला सुरुवात केली: बर्फ जास्त तर पाऊस कमी. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी जुळवून पाहिल्या आणि त्यातून प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा हेलकावा हाती लागला. १९८८पासून खाते १६ घटकांच्या सूत्रावर अंदाज देत होते. त्या १६ खुणाच होत्या. २००२ला सूत्र फसले, आणि २००३ला ते बदलले. फरक आहे तो इथे. दोन्ही पद्धती चुकतात. एकीची चूक तारखेसकट छापून राहते आणि तिच्यामुळे खूण यादीतून उडते, दुसरीत खूण फसली की ‘यंदा कलियुगाचा दोष’ म्हणून सुटते. कधीच बाद होऊ शकत नाही अशा खुणेवर विश्वास ठेवायला जागाच उरत नाही, कारण तिने काही सांगितल्यासारखे होत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. खात्याचा अंदाज बहुधा देशाचा, विभागाचा किंवा जिल्ह्याचा असतो. शेतकऱ्याला त्याच्या शिवारात काय होणार ते हवे असते. वळवाचा पाऊस ओढ्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे धूळ उडत राहते. अशा वेळी कोणत्या डोंगरावर ढग अडले की आपल्याकडे येतात, कोणत्या दिशेचा वारा पडला की उकाडा फुटतो, हे त्या गावचे ज्ञान कोणत्याही उपग्रहाच्या चित्रात नसते. फवारणी आज करावी की नको, खळ्यावरचे धान्य झाकावे की राहू द्यावे, या प्रश्नांना अशा खुणा उपयोगी पडतात आणि पडत राहतील. पण हे मान्य केल्याने मूळ मुद्दा ढळत नाही, उलट पक्का होतो: स्थानिक खुणेचे बळ ती जवळची असण्यात आहे, जागेनेही आणि वेळेनेही. खळ्यावर ताडपत्री टाकायला लावणाऱ्या खुणेवरून पिकांची निवड करू नये.

चुकीची किंमत शेवटी शेतकरी मोजतो, तीही बहुधा दुबार पेरणीच्या रूपाने. वळवाच्या सरी पडतात, पावशा ओरडत असतो, मृग लागलेले असते, वाहन हत्ती असते; पेरणी होते आणि मग पाऊस तीन आठवडे दडी मारतो. कृषी खाते दरवर्षी सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. परंपरेने हेच वाफशाच्या रूपाने सांगितले आहे. पेरणीच्या खोलीवरची मूठभर माती दाबून तिचा गोळा करायचा. हाताला चिखल लागला तर थांबायचे, गोळाच झाला नाही तरी थांबायचे, आणि झालेला गोळा सोडल्यावर फुटला तर वाफसा आला. या परीक्षेत पुढचे काहीच सांगितलेले नाही. मातीत आत्ता किती ओल आहे, ती किती खोलवर गेली आहे आणि बी उगवून पहिली दडी सोसेल का, एवढेच ती पाहते. आपल्याकडच्या साऱ्या खुणांत ही सर्वांत कमी दावा करणारी आहे, आणि सर्वांत कमी फसणारीही. लोकज्ञान जपायचे असेल तर त्याचा हा भाग आधी जपावा, बाकीच्यांना वहीतल्या नोंदींच्या परीक्षेला बसवावे, आणि ज्या उत्तीर्ण होतील त्यांना त्यांच्या पोचेइतकेच काम द्यावे.